रोटोकासचं बारावं अक्षर

बूगनव्हिल हे सॉलोमन द्वीपसमूहातलं सर्वांत मोठं बेट. भूगोलाने ते सॉलोमनच्या रांगेत बसतं, राजकारणाने मात्र पापुआ न्यू गिनीचा स्वायत्त प्रदेश झालं आहे. २०१९च्या सार्वमतात तिथल्या ९८ टक्के मतदारांनी स्वतंत्र होण्याच्या बाजूने कौल दिला. या बेटाच्या मध्यभागी, वाकुनाई परिसरातल्या डोंगरांत, साधारण चार हजार लोक रोटोकास नावाची भाषा बोलतात. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ती एका आकड्यामुळे माहीत असते. सहा व्यंजनं आणि पाच स्वर, एकूण ११ स्वनिम, म्हणजे शब्दाचा अर्थ बदलू शकणारे ध्वनी. जगातल्या सर्वांत छोट्या वर्णव्यवस्थांमध्ये तिची गणना होते. ती लिहायला १२ रोमन अक्षरं पुरतात: ए, ई, जी, आय, के, ओ, पी, आर, एस, टी, यू, व्ही.

११ ध्वनी आणि १२ अक्षरं. हा एकाचा फरक सहसा कोणी लक्षात घेत नाही. छोट्या भाषेची लेखनपद्धती ठरवताना शेवटचा शब्द कोणाचा, ध्वनी मोजणाऱ्याचा की वाचणाऱ्याचा, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो आणि त्याचं उत्तर त्या एका जादा अक्षरात सापडतं.

आधी ते ११ ध्वनी जवळून पाहू. अर्विन आणि जॅकलीन फर्चो या दांपत्याने १९६९ साली रोटोकासच्या ध्वनींचं वर्णन प्रसिद्ध केलं. त्यानुसार व्यंजनांच्या दोनच रांगा आहेत. पहिली अघोष, म्हणजे प, त, क. दुसरी घोष, तीही तिघांचीच, पण तिच्यातलं प्रत्येक व्यंजन ऐसपैस पसरलेलं. व्ही या अक्षराने लिहिला जाणारा ध्वनी कधी दोन्ही ओठांतून घासत येणाऱ्या व-सारखा, कधी ब, कधी म. जी या अक्षराचा ध्वनी कधी ग, कधी घासलेला ग, कधी ङ. आणि आर या अक्षराखाली र, ल, न, ड असे चारही उच्चार नांदतात. मराठी कानाला हे पटकन पचत नाही. आपण रस, लस, नस आणि डस हे चार शब्द केवळ पहिल्या व्यंजनावर वेगळे ओळखतो. रोटोकासच्या मध्यवर्ती बोलीत हा भेद शब्दांचा अर्थ बदलत नाही. उच्चार चार असले तरी बोलणाऱ्याच्या मनात वर्ण एकच असतो.

याचा एक परिणाम भाषाशास्त्रात गाजला. १९६३ साली चार्ल्स फर्ग्युसन यांनी मांडलं होतं की प्रत्येक भाषेत किमान एक तरी मूळचं अनुनासिक व्यंजन असतंच. म, न नसलेली भाषा कल्पनेतही येत नव्हती. मध्यवर्ती रोटोकासने तो नियम मोडला. उत्तर अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरच्या काही भाषांनीही मोडला, पण रोटोकासचं उदाहरण फार स्वच्छ आहे. फर्चो यांनी नोंदवलं आहे की तिथे अनुनासिकं क्वचितच ऐकू येतात आणि ऐकू आलीच तर बहुधा एखादा परका माणूस रोटोकास कशी बोलतो याची नक्कल चाललेली असते. म्हणजे म आणि न त्या लोकांच्या तोंडाला जड नव्हते. त्यांच्या भाषेला त्यांची गरज नव्हती, एवढंच.

हे मुद्दाम सांगायचं कारण असं की ११ हा आकडा ऐकला की ऐकणाऱ्याच्या मनात ‘अपुरी’, ‘आदिम’ असले शब्द आपोआप उमटतात. शिकलेल्या माणसांकडूनही ते ऐकू येतात. याला आधार काहीच नाही. वर्ण कमी असले की शब्द लांब होतात, एवढाच काय तो हिशेब. ओसिरेइतोआरेइ म्हणजे दोन डोळे. त्यातला प्रत्येक स्वर सुटा उच्चारायचा, जोडाक्षर कुठेच नाही, कारण रोटोकासमध्ये व्यंजनापाठोपाठ स्वर यावाच लागतो. त्या शब्दाच्या शेपटीतच दोघांचा आकडा सांगितलेला आहे. संस्कृतातलं द्विवचन मराठीने केव्हाच सोडलं, रोटोकास ते नामात आणि क्रियापदात रोज वापरते. अशा भाषेला गरीब म्हणणाऱ्याने गरिबी कशात मोजली, हे आधी सांगावं.

आकडा छोटा का झाला, याचंही उत्तर मिळालं आहे आणि ते मला या सगळ्या कहाणीतलं सर्वांत समाधानकारक वाटतं. रोटोकासची आयता नावाची एक बोली आहे. स्टुअर्ट रॉबिन्सन यांनी २००६ साली तिच्या ध्वनींचा अभ्यास प्रसिद्ध केला. आयतामध्ये व्यंजनांच्या तीन रांगा निघाल्या: अघोष, घोष आणि अनुनासिक. तिथे म आणि ब यांची अदलाबदल केली की शब्द बदलतो. कोणत्या शब्दात म येईल आणि कोणत्या शब्दात ब, हे कोणत्याही नियमाने सांगता येत नाही, ते शब्दागणिक लक्षात ठेवावं लागतं. याचा अर्थ असा की मूळ भाषेत अनुनासिकं असावीत आणि मध्यवर्ती बोलीत ती घोष व्यंजनांमध्ये मिसळून गेली असावीत. म्हणजे ११ हा आकडा भाषेच्या बाल्यावस्थेचा नाही. तो बदलांचा शेवट आहे. जगातल्या सर्व भाषांमध्ये ध्वनी मिसळतात आणि फुटतात, तसंच इथे घडलं.

छोट्या भाषेत वर्ण कमीच असतात, असंही नाही. पापुआ न्यू गिनीच्याच आग्नेय टोकाला, लुईझियाड द्वीपसमूहातल्या रोसेल बेटावर, येले नावाची भाषा आहे. तीही काही हजारांचीच. तिच्यात ९० स्वनिम आहेत: ५६ व्यंजनं आणि ३४ स्वर. त आणि प, किंवा क आणि प, एकाच क्षणी जिभेने आणि ओठांनी उच्चारायचे, अशी व्यंजनं तिथल्या मुलांना खेळताखेळता येतात. ही भाषाही रोमनमध्येच लिहितात. स्वर नाकातून उच्चारायचा असेल तर त्याच्या आधी विसर्गासारखी दोन टिंबं देतात. आपल्या चंद्रबिंदूचं काम तिथे दोन टिंबांनी केलं.

२०११ साली क्वेंटिन ॲटकिन्सन यांनी ५०४ भाषांची आकडेवारी घेऊन असं मांडलं की आफ्रिकेपासून जसजसं दूर जावं तसतशी वर्णसंख्या घटते. त्याआधी २००७ मध्ये जेनिफर हे आणि लॉरी बाऊअर यांनी लोकसंख्या आणि वर्णसंख्या यांचा संबंध दाखवला होता. शेकडो भाषांचा कल दोन भाषांनी खोटा ठरत नाही, हे मान्य. पण हा कल वाचून एखाद्या विशिष्ट भाषेबद्दल निष्कर्ष काढण्याचा जो मोह होतो, तो रोटोकास आणि येले यांनी साफ मोडून काढावा. दोघींना ‘पापुअन’ म्हणतात. पण त्या शब्दाने फक्त एवढंच कळतं की या भाषा ऑस्ट्रोनेशियन नाहीत. त्यावरून त्या एका कुळातल्या ठरत नाहीत. पीटर ट्रडगिल यांचं म्हणणं मला जास्त पटतं: छोट्या, एकमेकांना नीट ओळखणाऱ्या समाजात वर्णव्यवस्था अगदी लहानही होऊ शकते आणि अगदी मोठीही. ऐकणारा इतका जवळचा असतो की दोन्ही टोकं पेलतात.

आता बारावं अक्षर. रोटोकासमध्ये त हा वर्ण इ-च्या आधी आला की त्याचा उच्चार त्स किंवा स होतो. इतरत्र तो त राहतो. हा नियम इतका पक्का आहे की स हा वेगळा वर्ण मानायची गरज पडत नाही. ‘आहे’ या अर्थाचं एक क्रियारूप आहे, तोउपासिवेइरा. त्याच्या सुरुवातीला त आहे, मध्ये सि आहे. काटेकोर वर्णविचाराने लिहायचं तर तोउपातिवेइरा असं लिहावं आणि वाचणाऱ्याने तिथे आपसूक सि म्हणावं. रोटोकास बोलणारा तसं म्हणेलही. तरीही प्रत्यक्षात तिथे एस लिहितात. भाषेच्या नावाच्या शेवटीही एस आहे, आणि तो तर रोटोकासच्या उच्चाररचनेतच बसत नाही, कारण त्याच्यामागे स्वर नाही.

शास्त्राच्या दृष्टीने एस अनावश्यक आहे. एका वर्णाला एक चिन्ह, ही शिस्त केनेथ पाइक यांच्या १९४७ च्या ग्रंथाने एका पिढीला शिकवली. अलिखित भाषांना लेखनाच्या कक्षेत आणायचं तंत्र, हेच त्या ग्रंथाचं घोषित उद्दिष्ट होतं. या शिस्तीबद्दल मला आदर आहे. तिच्याआधी कोणीही आपल्या कानाने ऐकून लिहायचा. इंग्रज एक लिहायचा, जर्मन दुसरं, आणि बोलणाऱ्याला स्वतःचाच शब्द ओळखू येत नसे. स्वनिम शोधल्याशिवाय लेखनपद्धती ठरवायलाच बसू नये, असं मी म्हणेन.

पण स्वनिम सापडले म्हणजे लेखनपद्धती सापडली असं होत नाही. रोटोकास बोलणाऱ्या मुलाला टोक पिसिन येते. ती सगळ्या देशाची संपर्कभाषा. शाळेत इंग्रजी येते. त्या दोन्ही भाषांत स आणि ट ही वेगळी अक्षरं आहेत आणि त्यांच्यावर शब्दांचे अर्थ फिरतात. इंग्रजीत एकाच अक्षराच्या फरकाने समुद्राचा चहा होतो. अशा मुलाला आईच्या भाषेत मात्र टी लिहून स वाच असं सांगायचं, तर ते शक्य आहे, पण त्याने काय साधलं? कोश एका अक्षराने सडपातळ झाला. मुलाच्या वाट्याला एक नियम जास्त आला. विल्यम स्मॉली यांनी १९६४ मध्ये लेखनपद्धतीच्या कसोट्या सांगितल्या, त्यांत पहिली कसोटी होती लोकांची इच्छा, वाचायला शिकण्याची प्रेरणा. ध्वनींचं अचूक चित्रण तिच्यानंतर येतं. शिकण्याची सोय, दुसऱ्या भाषेकडे जाण्याची सोय आणि छपाईची सोय या बाकीच्या. हा क्रम बरोबर आहे. बारावं अक्षर त्या क्रमात बसतं, म्हणून मी त्याला चूक मानत नाही. ते योग्य जागी आलेलं अक्षर आहे.

कोणी विचारेल, बोलणाऱ्याला नियम ठाऊकच असतो, मग अक्षर कशाला वाढवायचं? मराठीचं उदाहरण घेऊन हा आक्षेप करता येतो आणि तो गंभीर आहे. आपण ‘चार’ आणि ‘चारा’ एकाच च-ने लिहितो, पण एकात च तालव्य आहे आणि दुसऱ्यात दंततालव्य. ‘जग’ म्हणजे विश्व आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा, हे दोन शब्द उच्चाराने वेगळे, लेखनात एक. इथे तर आपले दोन वर्ण खरोखर वेगळे आहेत आणि आपण ते एका अक्षरात भरले आहेत. तरी मराठी चालते. कारण ज्याला मराठी येते त्याला वाक्यावरून कोणता च तो कळतो.

मात्र ज्याला येत नाही, त्याला कळत नाही. लिपीत न लिहिलेलं ज्ञान घरातून येतं. ज्याच्या घरात ती भाषा नाही, त्याच्या डोक्यावर ती न लिहिलेली प्रत्येक गोष्ट ओझं होऊन बसते. मोठ्या भाषेला हे परवडतं, तिच्या मागे शाळा, वृत्तपत्रं, दूरदर्शन, सगळं उभं असतं. चार हजारांच्या भाषेला वाचक एकेक करून मिळवावा लागतो. तिने त्याच्यावर अनावश्यक नियम लादू नये.

याच न्यायाने उलटा निर्णयही बरोबर ठरू शकतो आणि त्याचं उदाहरण न्यू गिनीच्या मुख्य बेटावर आहे. मदांग प्रांतात, श्रेडर डोंगररांगांतल्या कैरोंक आणि सिम्बाई खोऱ्यांत कलाम ही भाषा बोलतात. तिच्यात व्यंजनांच्या मध्ये एक आखूड, अस्पष्ट स्वर येतो, इ आणि अ यांच्या मधला. तो कुठे येणार हे पूर्ण ठरलेलं असतं. ब्रूस बिग्ज यांनी १९६३ मध्ये दाखवलं की हा स्वर अर्थ बदलत नाही, दोन व्यंजनं एकमेकांवर आदळू नयेत म्हणून तो आपोआप येतो. मग तो लिहायचाच कशाला? कलामचं प्रचलित शास्त्रीय लेखन तो लिहीत नाही. शिकार करण्याजोगे सस्तन प्राणी या अर्थाचा शब्द के-एम-एन असा लिहितात. बोलणं या अर्थाचा शब्द एम-एन-एम. देवनागरीत क्म्न् आणि म्न्म् असे पाय मोडलेले सांगाडे उभे राहतील. उच्चारात मात्र ते पूर्ण भरलेले, दोन उच्चारखंडांचे शब्द असतात.

कलामच्या या पद्धतीतून एक मोठं साहित्य उभं राहिलं. इयन साएम मजनेप हा कलाम माणूस आणि राल्फ बल्मर हे मानववंशशास्त्रज्ञ यांनी मिळून १९७७ साली कलाम प्रदेशातल्या पक्ष्यांवर ग्रंथ केला. पक्षी ओळखण्याचं सगळं ज्ञान त्यात मजनेपच्या समाजाचं आहे आणि ग्रंथावर त्याचं नाव पहिलं आहे. (याच बल्मर यांनी त्याच्या दहा वर्षं आधी विचारलं होतं की कलाम लोक न उडणाऱ्या कॅसोवरीला पक्ष्यांमध्ये का धरत नाहीत, आणि वटवाघूळ मात्र का धरतात. वर्गीकरणाच्या अभ्यासात तो निबंध अजून वाचला जातो.) अँड्र्यू पॉली आणि बल्मर यांचा कलाम कोश २०११ मध्ये आला. त्यात तो आखूड स्वर लिहिलेला नाही आणि कोशाचं काही बिघडलेलं नाही.

आपल्याला हे विचित्र वाटायला नको. ‘करवत’ या शब्दात आपण क, र, व, त सगळ्यांना अ देतो आणि उच्चारताना र-चा आणि त-चा अ गाळतो. लिपी गाळायची खूण कुठेच करत नाही. कलाम लोक बोललेला स्वर लिहीत नाहीत, आपण न बोललेला स्वर लिहितो. दोन्ही पद्धती एकाच भरवशावर उभ्या आहेत: वाचणाऱ्याला भाषा येते. माझं मत एवढंच की हा भरवसा प्रौढ कलाम वाचकाच्या बाबतीत रास्त आहे आणि टोक पिसिनमधून वाचायला शिकलेल्या सहा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत नाही. त्याच्या पहिल्या पुस्तकात तो स्वर छापावा. पुढे तो गळाला तरी चालेल.

हे सगळं शाळेशिवाय पोकळ आहे. बूगनव्हिलच्या लोकांनी ते फार लवकर ओळखलं होतं. १९८० साली तिथे ‘विलेस टोक प्लेस स्कुल’ सुरू झाल्या, गावाच्या भाषेत चालणाऱ्या शाळा, आधी हालिआ आणि तेलेइ या दोन भाषांत. पालकांचं म्हणणं होतं की मुलं इंग्रजी शाळेतून परत येतात ती गावाला परकी होऊन. ८०० हून अधिक भाषांच्या देशाने हा विचार उचलला. १९९० च्या दशकातल्या सुधारणांनंतर प्राथमिक शाळेची पहिली वर्षं ४०० हून अधिक भाषांतून चालू लागली. जगात याला तोड नव्हती. शिक्षक पुरेसे शिकवून तयार झाले नव्हते, पुस्तकं हाताने लिहून आणि सायक्लोस्टाइल करून वाटावी लागत, हे खरं. पण काम योग्य दिशेने चाललं होतं. खुद्द बूगनव्हिलवर १९८८ मध्ये पांगुनाच्या तांब्याच्या खाणीवरून पेटलेल्या युद्धाने दहा वर्षं शाळा उद्ध्वस्त केल्या. एक अख्खी पिढी शाळेविना वाढली. आणि २०१३ मध्ये राजधानी पोर्ट मोर्स्बीतल्या सरकारने धोरण फिरवून इंग्रजी पहिल्या वर्षापासून माध्यम केली. मुलांचं इंग्रजी कच्चं राहतं, ही तक्रार पुढे केली गेली. कच्चं राहण्याचं कारण शिक्षकांच्या प्रशिक्षणात होतं आणि शिक्षा भाषांना झाली. हा निर्णय चुकीचा होता, असं मला स्पष्ट म्हणायचं आहे.

आयता बोलीच्या मुलांचा प्रश्नही इथेच येतो. मध्यवर्ती रोटोकाससाठी केलेली १२ अक्षरं त्यांना पुरणार नाहीत. त्यांना एम हवा, एन हवा, ङ-साठी काहीतरी हवं. एका भाषेला एकच वर्णमाला या हट्टापायी त्यांना ती नाकारली, तर छोट्या भाषेने आपल्याहून छोट्या बोलीशी तेच केलं असं होईल, जे मोठ्या भाषा तिच्याशी करत आल्या.

आपल्याकडे हा प्रश्न मेळघाटात आहे. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा. नॉर्मन झाइड यांनी १९६६ मध्ये लिहिलं की कोरकूत खालचा सूर आहे, म्हणजे स्वराच्या उंचीला तिथे स्थान आहे. कोरकू देवनागरीत लिहितात आणि देवनागरीत सुराला चिन्ह नाही. संथाळीच्या बाबतीत अशीच अडचण दिसल्यावर रघुनाथ मुर्मू यांनी १९२५ मध्ये ओल चिकी ही स्वतंत्र लिपीच घडवली. कोरकूला नवी लिपी हवी असा माझा आग्रह नाही. देवनागरीत एक टिंब किंवा एक आडवी रेघ वाढवूनही काम भागू शकेल, किंवा कोरकू वाचकाला सूर वाक्यावरून कळत असेल तर काहीच वाढवावं लागणार नाही. पण हे ठरवण्याचा अधिकार पुण्या-मुंबईतल्या पाठ्यपुस्तक समितीचा नाही, आणि मराठी वाचकाच्या सोयीचा तर नाहीच. कोरकू पुस्तकाचं काम ज्यांच्या हाती येईल त्यांनी एकाच मजकुराचे दोन नमुने छापावेत, एक सुराच्या खुणेसह आणि एक खुणेविना, आणि ते धारणी-चिखलदऱ्याच्या कोरकू शिक्षकांना आणि मुलांना मोठ्याने वाचायला द्यावेत. जो नमुना ते न अडखळता वाचतील, तोच पुढे छापावा.